मेंढीकोटच्या ॲपमधून दोन घरं चालतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आणि तुमचा वर्गमित्र, दोघे मूळचे सांगलीचे, दोघेही पुण्यात नोकरीला. सुट्टीच्या दिवसांत बसून मोबाइलवर मेंढीकोट, म्हणजे चौघांनी दोन जोड्यांत खेळायचा पत्त्यांचा खेळ, खेळायचं ॲप बनवलंत. एक रुपयाची जाहिरात न करता ते विश्रामबाग, मिरज, तासगाव असं ओळखीपाळखीतून पसरलं आणि आता रोज पाचेक हजार माणसं खेळतात. पुण्यातले एक गुंतवणूकदार म्हणतात, आधी दहा लाख माणसं गोळा करा, पैशाचं मागाहून बघू. घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणतं, पैसे लावून खेळायची सोय द्या, बघा कसा धंदा होतो. तुम्हाला विचारायचंय ते वेगळंच: यातून दोन घरं चालतील का, आणि नोकरी सोडावी का?

फेसबुकवरच्या खेळांचा जोर होता तेव्हा मी पुण्यात त्याच क्षेत्रात खेळाडूंच्या आकडेवारीचं काम करत होतो. आता सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. खेळ आणि हळद यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्हीकडे धंदा टिकतो की नाही ते एकाच गोष्टीवर ठरताना मी पाहिलं. गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत कुणाच्या रस्त्याने येतं? तो रस्ता उद्या बंद झाला तर ते तुम्हाला शोधत येईल का? माझं सगळं उत्तर या दोन प्रश्नांभोवती आहे. दहा लाखांचा आकडा त्यानंतरचा.

फार्मव्हिल हा फेसबुकवरचा शेती करायचा खेळ तुम्ही शाळेत असताना ऐकला असेल. झिंगा कंपनीने तो जून २००९ मध्ये आणला आणि २०१० च्या सुरुवातीला महिन्याला ८ कोटींहून जास्त माणसं तो खेळत होती. आपल्याकडे आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. तिथे स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेत काढली नाही तर वाळून जायची. त्या खेळाचा जीव या वाळण्यात होता. माणूस ऑफिसात असो की लग्नात, ठरलेल्या वेळेला परत यायचा. शेजाऱ्याच्या शेतात मदत केली, कुणाला झाड भेट दिलं, की ते फेसबुकवर सगळ्या मित्रांना दिसायचं. नव्या खेळाडूंचा मोठा लोंढा असा फुकटात यायचा. खेळणाऱ्यांपैकी शंभरात मोजकेच पैसे द्यायचे, पण शंभर आणायलाच खर्च नाही म्हटल्यावर ते मोजके पुरत होते.

मग २०१० मध्ये फेसबुकने खेळांच्या सूचनांना लगाम घातला. न खेळणारी माणसं त्या सूचनांनी वैतागली होती, त्यामुळे फेसबुकच्या बाजूने ते बरोबरच होतं. जुलै २०११ पासून खेळातली खरेदी फेसबुकच्या क्रेडिट्समधूनच, म्हणजे त्यांच्याच आभासी चलनातून करायची आणि त्यातले ३० टक्के फेसबुकचे, हा नियम सक्तीचा झाला. डिसेंबर २०११ मध्ये झिंगाचा शेअर १० डॉलरला बाजारात आला तेव्हा कंपनीच्या उत्पन्नातला ९० टक्क्यांहून अधिक हिस्सा एकट्या फेसबुकवरून येत होता. पुढच्या दिवाळीपर्यंत तो शेअर ३ डॉलरच्या खाली गेला होता. लोक मोबाइलकडे वळले हेही कारण होतंच. पण मोबाइलकडे वळणारा खेळाडू झिंगाला शोधत तिकडे गेला नाही, कारण त्याची ओळख फेसबुकशी होती.

त्याच वर्षातली आणखी एक गोष्ट तुमच्या गुंतवणूकदारांसमोर ठेवण्यासारखी आहे. चित्र काढून मित्राला ओळखायला लावायचा ‘ड्रॉ समथिंग’ हा खेळ २०१२ च्या सुरुवातीला इतका पसरला, की पहिल्या ५० दिवसांत ५ कोटी डाउनलोड झाले. झिंगाने मार्चमध्ये तो बनवणारी कंपनी सुमारे १८ कोटी डॉलरला घेतली. त्यानंतर लगेच खेळणारे कमी होऊ लागले आणि वर्ष संपायच्या आत त्या किमतीचा मोठा हिस्सा तोटा म्हणून हिशेबात दाखवावा लागला. आकडा खोटा नव्हता. माणसं खरीच आली होती, फक्त महिनाभरानंतर परत यायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं.

याउलट झिंगाचाच पोकरचा खेळ २००७ चा. ज्या फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर तो चालायचा ते बंद पडलं म्हणून मूळचा फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, पोकर मात्र चालूच राहिला. पत्त्यांचा खेळ जुना होत नाही, आणि टेबलावरची माणसं एकमेकांसाठी परत येतात. तुमच्या हातात पत्त्यांचाच खेळ आहे, ही जमेची बाजू आहे.

आता तुमचा हिशेब मांडू. रोज ५,००० माणसं, प्रत्येकाला डावांच्या मधे मिळून चार जाहिराती, म्हणजे दिवसाला २०,००० जाहिराती दाखवल्या जातील. हजार जाहिरातींमागे ४० रुपये मिळाले असं धरा. दर रोज हलतो, पण भारतातल्या पत्त्यांच्या खेळाला याहून फार मोठी आशा ठेवून हिशेब करू नका. दिवसाला ८०० रुपये, महिन्याला २४,०००. चौथ्याची पाचवी जाहिरात केलीत तर कागदावर ३०,००० होतील, पण हात संपल्या संपल्या जाहिरात आदळली की भिडूशी बोलायचं राहून जातं. मेंढीकोटात डावानंतरचं ‘अरे, राणी का नाही टाकलीस’ हे भांडण डावाइतकंच गोड असतं. ते तोडू नका. चार पिसण्यांनंतर एक जाहिरात, तीही बंद करता येणारी, एवढंच ठेवा.

लुडो किंग तुमच्यासाठी चांगला धडा आहे. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये काढलेला हा खेळ. त्याच सप्टेंबरात जिओ आलं आणि स्वस्त डेटा घराघरात पोचला, पण खरा उसळला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. लोक घरात अडकले होते आणि खोलीचा कोड पाठवला, की बार्शीतली आत्या आणि दुबईतला भाचा एका पटावर बसत होते. त्यांचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचं, आणि ते पुरतं कारण खेळणारे कोट्यवधी आहेत. लुडो देशभर एकाच नियमाने कळतो. मेंढीकोट महाराष्ट्रात आणि आसपास खेळला जातो. त्या आकड्याच्या मागे लागायचं तर मेंढीकोट सोडून दुसरंच काही करावं लागेल. ‘आधी दहा लाख’ या सल्ल्याशी माझं जमत नाही ते यामुळे.

पैसे लावण्याबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगतो: नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायलाच बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. ड्रीम इलेव्हनसारख्या बलाढ्य कंपनीने आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, तिथे दोन मुलांच्या ॲपने असल्या वाटेला जाऊ नये. ‘मग कॉइन्स विकू’ असं मनात येईल. जपून. पैसे देऊन घेतलेले कॉइन्स, टोकन यांचाही या कायद्याने डावावर लावायच्या गोष्टींत उल्लेख केला आहे. विकलेले कॉइन्स टेबलावर लावून आणखी कॉइन्स जिंकायचे, अशी रचना वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. माझ्या मते करूच नका. सोशल गेमसाठी, म्हणजे पैसे न लावता खेळायच्या खेळांसाठी, त्याच कायद्यात वेगळी जागा आहे: खेळायला मिळावं म्हणून वर्गणी किंवा एकदाच प्रवेश फी घेता येते, ती पणाला लावलेली रक्कम नसली म्हणजे झालं.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत हेच राहील. रमीच्या ॲपपायी पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संपवणारी, मग हातउसने घेत फिरणारी तरणी पोरं मी आपल्या भागात पाहिली आहेत. ज्या खेळात मामा-भाचे एका बाजूला बसतात, तो खेळ त्या कामाला लावू नये.

आता मार्केट यार्डात या, कारण वर्गणी कशाची घ्यायची ते मला तिथे नीट कळलं. हळदीचा शेतकरी गाडी घेऊन येतो. सौदा निघतो. अडत्या हमाली, तोलाई वजा करून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, करतो आणि शेतकऱ्याचे पैसे देतो. व्यापाऱ्याकडून त्याचे पैसे मागाहून येतात. लागवडीच्या वेळी त्या शेतकऱ्याने उचल घेतलेली असते, ती इथे वळती होते. ‘मधला माणूस काढून टाकू, शेतकरी थेट व्यापाऱ्याला जोडू’ म्हणत ॲप घेऊन येणारी हुशार मुलं मी बरीच पाहिली. भाव मोबाइलवर दाखवणं सोपं होतं, ते त्यांनी चांगलं केलं. उचल कोण देणार, व्यापाऱ्याचे पैसे अडकले तर कोण सोसणार, हळकुंड मोडून बघितल्याशिवाय आणि बेदाणा मुठीत घेतल्याशिवाय माल कसा पारखायचा, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. शेतकऱ्याचा रस्ता अडत्याच्या दुकानातून जातो तो या सगळ्यामुळे. ॲपला तो रस्ता फक्त नकाशावर दिसत होता.

मी सॉफ्टवेअर विकायला गेलो तेव्हा मालकांना दाखवण्यासारखे रंगीत आलेख माझ्याकडे होते. त्यांनी ते पाहिले, चहा पाजला. पैसे कशाला मिळाले ते मात्र गादीशेजारी बसलेल्या दिवाणजींनी ठरवलं. सौद्याच्या दिवशी दुपारी शेतकऱ्यांची रांग लागते, प्रत्येकाला पट्टी घेऊन गाडी परत न्यायची असते. दिवाणजींनी विचारलं ते एवढंच: पट्टी जुन्याच प्रिंटरवर निघेल का, नेट गेलं तर अडणार नाही ना, आणि मागच्या तीन हंगामांची उचल एका जागी दिसेल का? या तीन गोष्टी जमल्या त्या दुकानांनी वर्षाची वर्गणी भरली आणि दरवर्षी भरत आली. त्यांचा जुना हिशेब माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. गूगलने नियम बदलले, कुणी फुकट ॲप आणलं, तरी ती दुकानं आधी मला फोन करतात.

तुमच्या ॲपमध्ये त्या जुन्या हिशेबाच्या जागी काय आहे? मला वाटतं, चौकडीचा इतिहास. मेंढीकोट एकटा माणूस खेळत नाही. चार ठरलेली डोकी असतात, दोन ठरलेल्या जोड्या असतात. या चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप आधीपासून असतो. कोणत्या गणपतीत कुणावर किती कोट झाले, कुणी चारही दहिले (दहाची पानं) नेले, बावन्न पानी कुणी केली, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि त्यावर वाद असतात. तो हिशेब तुमच्याकडे तारीखवार राहिला तर ती चौकडी तुमची. शिवाय नियम प्रत्येक कट्ट्याचे निराळे. कुणी बंद हुकूम खेळतं, कुणी पहिल्यांदा पान तुटेल तो हुकूम धरतं, दोन-दोन दहिले पडले तर हातांवर ठरवायचं की डाव वाटून द्यायचा यावर गावागणिक मतं. ‘आमच्यात असं खेळतात’ ही सोय सगळ्यांत आधी द्या. मोठ्या कंपनीला ही बारीकसारीक करत बसणं परवडत नाही, तुम्हाला परवडतं.

म्हणून मोजायची गोष्टही बदला. आज ॲप घेतलेल्या शंभरांपैकी सातव्या दिवशी किती उरले, तिसाव्या दिवशी किती, हे सगळे बघतात आणि तुम्हीही बघा. पण तुमचा खरा आकडा हा: गेल्या आठवड्यात एकत्र बसलेल्या चौकड्यांपैकी किती चौकड्या या आठवड्यात, त्याच चौघांसकट, परत बसल्या? ॲपने टेबलावर जुळवून दिलेली अनोळखी माणसं प्ले स्टोअरच्या रस्त्याने येतात आणि त्याच रस्त्याने जातात. आपल्या ग्रुपमधून आलेली चौकडी स्वतःच्या पायांनी येते. व्हॉट्सॲपनेही २०१८ मध्ये भारतात पुढे पाठवायच्या संदेशांना पाचाची मर्यादा घातली, तेव्हा आमंत्रणं उधळून वाढणारी ॲप्स अडली असतील. चार जणांच्या ग्रुपला त्याने काही फरक पडत नाही.

वर्गणी माणशी नको, कट्ट्याची, म्हणजे अख्ख्या चौकडीची घ्या. एकाने भरावी, चौघांनी खेळावं. आपल्याकडे कॅरमचा बोर्ड एकाच्या घरी असतो आणि गल्ली खेळते, तसं. दर महिना ९९ ठेवा, वर्षाचे ४९९ ठेवा आणि वर्षाचाच आग्रह धरा. पैसे देणाऱ्या कट्ट्याला जाहिरात नाही, स्वतःचे नियम, सगळा इतिहास आणि गणपतीतल्या रात्रींसाठी आठ-दहा टेबलांची स्पर्धा लावायची सोय. फुकट खेळणाऱ्याचा डाव मात्र कधी अर्धवट अडवू नका.

आता जमा-खर्च. तुमच्या आकड्यावरून नियमित चौकड्या दीड हजार धरू. दहातल्या एकीने महिन्याला ९९ दिले तर १४,८५० रुपये (वर्षाचे ४९९ भरणाऱ्यांकडून महिन्यामागे याच्या निम्म्याहून कमी येतील). प्ले स्टोअर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या उत्पन्नावर १५ टक्के घेतं, ते गेले की साडेबारा हजारांच्या आसपास. जाहिरातींचे २४,००० मिळवा, पण वर्गणीवाल्यांना जाहिरात नाही म्हणून त्यातले थोडे कमी करा. सर्व्हर जाऊन महिन्याला तीसेक हजार. यात दोन घरं चालत नाहीत, एकही ओढाताणीनेच चालेल. नियमित चौकड्या पाच-सहा हजार झाल्या तर सांगलीत राहून दोघांचं नीट भागेल. हे अशक्य नाही. सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुण्यात स्थायिक झालेली आपली माणसं, परदेशातले मराठी, एवढ्यांत पाच हजार कट्टे निघतील असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण ते एका हंगामात निघणार नाहीत.

यावरून गुंतवणूकदारांचंही उत्तर मिळतं. दोन माणसांना महिन्याला दीड लाख सुटला तर तो तुमच्यासाठी उत्तम धंदा आहे. त्यांच्यासाठी नाही, कारण त्यांच्या दहा कंपन्यांपैकी बहुतेक बुडणार हे धरूनच ते पैसे घालतात आणि उरलेल्या एकीने सगळं भरून काढावं लागतं. ते वाईट आहेत असं नाही. त्यांचे पैसे घेतलेत, की त्यांचा हिशेब तुमचा होतो, मग जाहिराती वाढतात, अनोळखी टेबलं वाढतात आणि दिवाळीपर्यंत ‘तीन पत्ती पण टाका’ असा सल्ला येतो. आत्ता घेऊ नका. कट्टे वाढायला लागले आणि सर्व्हरचा खर्च तुमच्या आवाक्याबाहेर गेला, तर परत त्यांच्याकडे जायला काही हरकत नाही.

नोकरी दोघांनी एकदम सोडू नका. एकाने वर्षभर पूर्ण वेळ यात घालावा, दुसऱ्याने नोकरी करून त्याला ठरावीक रक्कम द्यावी, आणि हे कागदावर लिहून सही करा, कितीही जुनी मैत्री असली तरी. कोणी सोडायची हे ज्याच्या घरी कर्जाचे हप्ते कमी त्याच्यावर ठरवा.

आणि पहिलं काम रेंजचं. चौघांपैकी एक एसटीत बसून खेळत असतो, खंबाटकी घाटात त्याचं नेट जातं आणि बाकीचे तिघं टेबलावर अडकतात. बुद्धिबळात एक बसून राहतो, इथे तिघं राहतात, म्हणून तुमच्या खेळात हा दोष तिप्पट महाग पडतो. नेट गेलं की त्याच्या जागी संगणकाने साधं पान टाकत राहावं, परत आला की त्याच हातात त्याला बसवावं. श्रावणात गोकुळाष्टमीपासून पत्ते बाहेर निघतात, लगेच मागोमाग गणपती. त्याच्या आधी एवढं पक्कं झालं पाहिजे. ते झालं की एखाद्या रविवारी मार्केट यार्डात या. दुकानांच्या वर्गणीचे दर मी कसे ठरवले आणि कुठे थांबलो, त्या वह्या दाखवतो, तुमचा दर त्यावरून बसवू.